वर्षं विकू नका

“नोकरी सुटली ना? मग एकोणीस आणि दहा-सी भर, पैसे काढ आणि मोकळा हो.” परभणी जिल्ह्यातून वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत गेलेल्या पोरांना पीएफबद्दल मिळणारा पहिला सल्ला बहुतेक वेळा हाच असतो. एकोणीस हा पीएफ काढायचा फॉर्म, दहा-सी पेन्शनची रक्कम काढायचा. ठेकेदाराचा सुपरवायझर तो देतो, खोलीवरचे जोडीदार देतात, आणि गावाकडच्या ऑनलाइन सेंटरवर तर थोडे पैसे घेऊन लगेच फॉर्मही भरून मिळतो.

गेल्या उन्हाळ्यात मानवतला एका लग्नात माझ्या शाळेपासूनच्या मित्राने हाच सल्ला नीट युक्तिवाद करून मांडला. तो शिक्षक आहे, वाचणारा आहे, दोन भाचे चाकणला असल्यामुळे त्याला या विषयाची कळकळही आहे. त्याचं म्हणणं असं. पीएफची पेन्शन म्हणजे महिन्याला हजार-दोन हजार. तिच्यासाठी तीस वर्षं पैसे अडकवायचे कशाला? गरिबाची गरज आजची असते, अठ्ठावन्नाव्या वर्षाची नसते. जुनी खाती जोडायला गेलं की नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख यांत माणूस महिनोन्महिने अडकतो. आणि ज्याला पैसे काढायचेच नाहीत, त्याने जुनं खातं तसंच पडू द्यावं, व्याज मिळतंच.

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी तिथे फार बोललो नाही, कारण मांडवात आकडेमोड करता येत नाही. पण एकवीस वर्षं मी कारखान्यांच्या टाइम ऑफिसात काढली. कामगारांच्या हजेऱ्या आणि पीएफच्या याद्या रोज हातात असायच्या. आता सेलूला परतल्यावर रविवारी आसपासच्या गावांतली पोरं पासबुकं घेऊन घरी येतात. जे पाहिलं त्यावरून सांगतो: मित्राचं मन चांगलं आहे, पण सल्ला घातक आहे.

सुरुवात पगाराच्या पावतीपासून करू. १५,००० रुपयांच्या मूळ पगारावर कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो. पण मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० कामगाराच्या पीएफ खात्यात. म्हणजे एकाच पासबुकात दोन वेगळे हिशेब चालू असतात. पीएफमध्ये रक्कम मोजली जाते: भरलेले पैसे आणि त्यावरचं व्याज. पेन्शनमध्ये वर्षं मोजली जातात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे सगळे जिला ईपीएस-९५ म्हणतात तिच्यात, दहा वर्षांची सेवा भरली की वयाच्या ५८ व्या वर्षापासून हयातभर पेन्शन मिळते. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, एवढंच सूत्र. साडेनऊ वर्षं भरली तरी ती दहा धरतात. नऊ वर्षं पाच महिने झाले तर धरत नाहीत.

ही दहा वर्षं एकाच कंपनीत भरायची अट नाही. तीन इथली, चार तिथली, पाच आणखी कुठली, अशी चालतात. मात्र ती जोडून घ्यावी लागतात. आणि दहा-सी भरून पेन्शनची रक्कम एकदा उचलली की तेवढी वर्षं हिशेबातून कायमची पुसली जातात. काढलेला पैसा माणूस पुन्हा कमावतो. विकलेली वर्षं परत विकत घ्यायची सोय कुठल्याच फॉर्मात नाही.

मागच्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातले एक काका माझ्याकडे आले. वय ५५. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या पगाराच्या पावत्या, कंपन्यांची जुनी ओळखपत्रं, आणि मुलाच्या मोबाइलवर पासबुक. ओसरीवर बसून आम्ही एकेक तारीख वहीत लिहून काढली. वाळूजला एका ठेकेदाराकडे ३ वर्षं १ महिना. मग एका कंपनीत ४ वर्षं ७ महिने. चाकणला २ वर्षं ३ महिने. शेवटी रांजणगावला २ वर्षं ४ महिने. बेरीज १२ वर्षं ३ महिने. मला बरं वाटलं. तेवढ्यात काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्याचे तवाच काढलेत सर. बोअर घ्यायचा होता.”

बोअर कोरडा गेला होता. पेन्शनच्या हिशेबातून तेव्हा हातात पडले होते वीस हजारांच्या आत. ती ३ वर्षं १ महिना वजा केल्यावर उरली ९ वर्षं २ महिने. साडेनऊला चार महिने कमी. मी बेरीज दोनदा तपासली. काका काही बोलले नाहीत. पावत्या पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून कागदात गुंडाळत बसले.

आता मित्राचा पहिला मुद्दा, हजार-दोन हजारांच्या पेन्शनचा. समजा, २०१५ मध्ये कामाला लागलेल्या एका मुलाने पहिली नोकरी तीन वर्षांनी ८,००० पगारावर सोडली, दुसरी चार वर्षांनी ११,००० वर, आणि पुढची पाच वर्षं त्याने १५,००० वर काढली. प्रत्येक वेळी दहा-सी भरला तर योजनेतल्या कोष्टकाप्रमाणे त्याला साधारण २४ हजार, ४४ हजार आणि ७५ हजार मिळतील. मिळून १ लाख ४३ हजार. हीच बारा वर्षं जोडून ठेवली तर १५,००० गुणिले १२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला २,५७१ रुपये, वर्षाला जवळपास ३१ हजार. जेवढे पैसे त्याने तीन वेळा उचलले असते, तेवढे पेन्शन सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत त्याच्या हातात येतात. पुढची पेन्शन हयातभर चालूच राहते.

असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. दहा-सीमध्ये पहिली तीन वर्षं आठ हजारांच्या भावाने निघतात. पेन्शनच्या सूत्रात तीच तीन वर्षं शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या भावाने, म्हणजे इथे पंधरा हजारांच्या भावाने मोजली जातात. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा आहे. त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची. आमच्या सेलू-मानवतच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पहिल्या वेचणीचा कापूस पडत्या भावात घालणं आणि भाव येईपर्यंत घरात ठेवणं यातला फरक त्याला पाठ आहे. कापसाला भाव येईल याची खात्री नसते. इथे मात्र पगार वाढला की जुन्या वर्षांचाही भाव वाढतो, हे योजनेच्या सूत्रातच आहे. वीस वर्षं भरली तर आणखी दोन वर्षं वर धरतात.

मित्र म्हणेल, उचललेले पैसे बँकेत ठेवले तर तेही वाढतात, आणि ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. कागदावर हे खरं आहे. तरुणपणी उचललेली रक्कम पंचवीस-तीस वर्षं न मोडता ठेवली तर तिचं व्याज पेन्शनला मागेही टाकू शकतं. पण माझ्या ओसरीवर आलेल्यांपैकी एकानेही अशी पावती मला दाखवलेली नाही. ते पैसे बियाण्यात गेले, बहिणीच्या लग्नात गेले, सावकाराच्या व्याजात गेले, मोटारसायकलच्या पहिल्या हप्त्यात गेले. शिवाय बँकेतली ठेव पेन्शन योजनेसारखी कुटुंबाला धरून राहत नाही. सभासद नोकरीत असताना गेला आणि योजनेत त्याचा एकच महिना भरलेला असला तरी बायकोला पेन्शन लागू होते. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी मिळते. पेन्शन घेत असताना गेला तर बायकोला निम्मी चालू राहते.

किमान पेन्शन हजार रुपये आहे, आणि ती १ सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच आहे, ही मात्र लाज वाटावी अशी गोष्ट आहे. संजय गांधी निराधार योजनेतही महिन्याला दीड हजार मिळतात; ज्याच्या मालकाने घामाच्या हिशेबातून वर्षानुवर्षं पैसे भरले त्याला हजार. बुलढाण्यातून उभं राहिलेलं ईपीएस-९५ पेन्शनधारकांचं आंदोलन साडेसात हजारांची मागणी करत आलं आहे, आणि ती रास्त आहे. पण मित्राने एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार झाली तेव्हा तिचा फायदा पेन्शनच्या यादीत असलेल्यांना झाला. दहा-सी भरून बाहेर पडलेल्याला त्यातला एक रुपया मिळाला नाही. उद्या ही रक्कम वाढली तर तेव्हाही असंच होईल. देशभरात ७८ लाखांहून अधिक लोक ही पेन्शन घेतात. पेन्शन कमी आहे म्हणून हक्कच सोडून देणं हा तिच्यावरचा उपाय नाही. ती वाढवायची तर आधी त्या यादीत असलं पाहिजे.

दुसरा मुद्दा गरजेचा. तो मी मनापासून मान्य करतो. दवाखान्याचं बिल भरायचं असताना कुणालाही म्हातारपणाचं व्याख्यान देऊ नये. पण गरज भागवायला पेन्शनची वर्षं विकावी लागत नाहीत. आजार, लग्न, शिक्षण, घर यांसाठी चालू खात्यातून पीएफची आगाऊ रक्कम घेता येते, खातं बंद न करता. नोकरी पूर्ण सुटली असेल आणि पीएफ काढण्यावाचून इलाज नसेल तर एकोणीस नंबरचा फॉर्म भरा, पण दहा-सीमध्ये रक्कम मागू नका, योजनेचं प्रमाणपत्र मागा. इंग्रजीत त्याला स्कीम सर्टिफिकेट म्हणतात. तुमची वर्षं त्यावर जमा राहतात आणि पुढची नोकरी लागली की तिथे जोडता येतात. शेतीकडे परतलेला माणूस चार वर्षांनी पुन्हा चाकणला जातो हे आपल्याकडे नवीन आहे का? “बनी तो बनी, नहीं तो परभनी” ही म्हण याच जिल्ह्याची. बाहेर जमलं नाही तर घरी यायची सोय तिच्यात आहे. पण घरी परतलेल्या माणसाला म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये, ही सोय आपली आपणच करायची आहे.

मित्र हेही म्हणाला की, आता सरकारच पैसे अडकवतंय. त्याचा रोख ऑक्टोबर २०२५ मधल्या निर्णयाकडे होता. भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने तेव्हा ठरवलं की, नोकरी सुटल्यावर पीएफचा अंतिम हिशेब दोन महिन्यांऐवजी बारा महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम दोन महिन्यांऐवजी ३६ महिन्यांनी द्यावी, आणि खात्यात किमान २५ टक्के शिल्लक राहावी. लोकांना राग आला. पैसा कामगाराचा आहे, त्यामुळे राग समजतो. पण या निर्णयाच्या बाजूने जी माहिती दिली गेली तीही ऐकावी: अंतिम हिशेबाच्या वेळी निम्म्या सभासदांच्या खात्यात २० हजारांपेक्षाही कमी रक्कम उरलेली असते. आयुष्यभर फॅक्टरीत उभं राहून हातात वीस हजार! व्याजदर सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास राहिला तर आज ठेवलेले ५० हजार वीस वर्षांत जवळपास २ लाख ४४ हजार होतात. पाच वर्षांच्या आत काढले तर उलट कर लागू शकतो, आणि ती पाच वर्षं मोजतानाही जुनी खाती जोडलेली असली तर आधीच्या मालकाकडची सेवा धरली जाते.

तिसरा मुद्दा त्रासाचा, आणि इथे मी मित्राच्या शेजारी उभा आहे. आधारवर एक नाव, कंपनीच्या यादीत दुसरं. वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव. सोडल्याची तारीखच भरलेली नाही, आणि ती भरणारा ठेकेदार कुठे आहे कुणाला माहीत नाही. नव्या ठेकेदाराने जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, विचारलाच नाही, नवा काढून दिला. त्यामुळे एकाच माणसाचे दोन यूएएन. ही खाती न जुळण्याचं कारण कामगाराचं अज्ञान आहे असं साहेबलोक सभांमध्ये सांगतात, तेव्हा मला संताप येतो. यादी टाइम ऑफिसात बनते. नाव तिथे चुकतं. मीही घाईत नावं चुकवली आहेत, आणि त्याची किंमत कामगाराने रजा टाकून, गाडीभाडं खर्चून मोजली आहे. ठेकेदाराच्या कामगारांच्या पीएफची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरही आहे. ती त्याला टाळता येणार नाही.

पण त्रास आहे म्हणून सोडून द्या, हा निष्कर्ष आता टिकत नाही, कारण बऱ्याच गाठी सुटल्या आहेत. २०२० पासून शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी सोडल्याची तारीख सभासद स्वतः भरू शकतो. आधार जोडलेल्या बऱ्याच खात्यांची बदली २०२५ पासून मालकाच्या सहीशिवाय होते. दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरवायची पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते. रांजणगावला राबलेल्या माणसाला ती जिंतूरच्या बँकेत मिळते.

एक गैरसमज मात्र रोज नव्याने पुसावा लागतो. मागच्याच महिन्यात पाथरीकडचा एक पोरगा धावत आला. खाती जोडल्यावर नवं पासबुक उघडलं होतं. “सर, पैसे गेले की माझे! पेन्शनच्या खान्यात झिरो दाखवायलंय.” पीएफची रक्कम आली होती, पण जुन्या नोकरीच्या पेन्शनच्या रकान्यात शून्य होतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं: खाती जोडली की पेन्शनचा पैसा इकडून तिकडे जात नाही, तुझी सेवेची वर्षं जातात. तो शून्य म्हणजे तोटा नाही. सेवेच्या नोंदीत पहिल्या कंपनीत लागल्याची तारीख आली आहे का, ते बघ. ती आली होती. पण असं शून्य पाहून किती जणांनी घाबरून पुढच्या वेळी सगळं काढून घेतलं असेल? पासबुकात मराठीत एक ओळ छापली असती, “तुमची एकूण पेन्शनपात्र सेवा इतकी वर्षं”, तर हा पोरगा धावत आला नसता. दहा-सीचं बटण दाबण्याआधी स्क्रीनवर लिहून यायला हवं की, ही रक्कम घेतली तर इतकी वर्षं जातील. एवढं करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

उरला चौथा मुद्दा: खातं पडू द्या, व्याज मिळतंच. आज मिळतं, हे खरं. पण २०११ मध्ये तीन वर्षं हप्ता न आलेल्या खात्यांचं व्याज थांबवलं गेलं होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे पडून राहिलेल्या खात्याचा नियम बदलू शकतो. २०२३-२४ अखेर अशा निष्क्रिय खात्यांत साडेआठ हजार कोटींच्या आसपास रुपये पडून होते. त्यांचे मालक कुठे आहेत? कित्येकांना खातं असल्याचंच आठवत नसेल. कित्येक गेलेही असतील. एक यूएएन आहे म्हणजे खाती आपोआप जुळली, असं अनेकांना वाटतं. तसं नेहमी होत नाही, प्रत्येक नोकरीचा सभासद क्रमांक वेगळाच राहतो. विशीत लावलेल्या पहिल्या खात्यावर वारस म्हणून आईचं किंवा भावाचं नाव असतं; लग्नानंतर ते नामांकन चालत नाही आणि नवं कुणी केलेलं नसतं. नवरा गेल्यावर पालमच्या किंवा सोनपेठच्या बाईने वाळूजमधला कुठला बंद पडलेला ठेकेदार शोधायचा? खाती जोडण्याची खटपट कामगाराने आज केली नाही, तर ती त्याच्या विधवेच्या वाट्याला जाते. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२१ पासून नव्या मालकाला कामगाराचं जुनंच निवृत्ती खातं पुढे चालवावं लागतं, कामगाराने दुसरं निवडलं नाही तर. कामगाराबरोबर खातंही पुढे जावं, हे आपल्याकडे पूर्णपणे होईपर्यंत आपली वही आपणच ठेवली पाहिजे.

म्हणून मित्राला माझं सांगणं इतकंच आहे. भाच्यांना पीएफमधून गरजेपुरतं काढायला सांग, हरकत नाही. पण नवी नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात जुना यूएएन द्यायला, जुनी खाती जोडायला आणि बायकोचं नाव नामांकनात घालायला सांग. दहा-सीला हात लावू देऊ नकोस.

जिंतूरच्या काकांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांना हवे होते चार महिने, आणि अठ्ठावन्नला अजून तीन वर्षं होती. पेन्शन योजनेत एक तरतूद आहे जी आपल्या भागात सगळ्यांना माहीत असायला हवी: हंगामी कारखान्यात वर्षातले काही महिनेच काम झालं तरी सेवेसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. काका या हंगामात एका साखर कारखान्यात लागले आहेत, पीएफ कापला जाईल याची आधी खात्री करून, जुना यूएएन देऊन. पहिली पावती मिळाली तेव्हा दाखवायला आले. सोबत मुलगाही होता. त्याने चाकणची नोकरी नुकतीच बदलली होती. काकांनी माझ्यासमोर त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि त्याला एकच गोष्ट विचारली, “जुनं खातं जोडलंस का?”